कारणाचा रकाना

मीटरबाईंचा फोन वाजला की त्या "हॅलो" म्हणायच्या आधी "कोणता चॅनल?" असं विचारत. एकदा दाताच्या डॉक्टरकडे, अर्धा जबडा बधिर असताना त्यांनी तसं विचारलं, आणि पलीकडून सख्ख्या बहिणीने सांगितलं की मावशी गेली. बहिणीने पुढे वर्षभर हा किस्सा घरोघरी रंगवून सांगितला. बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण मावशीला निरोप देताना, सगळे माना खाली घालून उभे असताना, खरोखरच चॅनलचा फोन आला होता आणि त्यांनी तो बाजूला जाऊन घेतला होता.

मीटरबाई हे पाठीमागचं नाव. तोंडावर सगळे ताईच म्हणत. वय एकावन्न, अंगाने किरकोळ, नाकावर चष्मा आणि चष्म्याच्या वर भुवयांमध्ये एक उभी आठी, ती झोपेतही जात नसावी. नोकरी टीव्हीच्या कचेरीत. टीव्ही म्हटल्यावर लोकांना वाटतं की बाई कुठेतरी पडद्यावर दिसत असतील, शेजारीण दहा वर्षं विचारत होती, "तुम्ही कधी लागता हो?" बाई कधीच लागत नसत. त्या लागल्या नाहीत म्हणूनच बाकीचे लागत होते.

त्यांच्या खोलीत भिंतीवर आठ पडदे होते, आठ चॅनलचे. आठ चित्रं एकदम बघता येतात असा माणसाचा समज असतो, पण आठ आवाज एकदम ऐकता येत नाहीत हे त्यालाही दोन मिनिटांत कळतं. म्हणून खोलीत स्पीकर एकच, एका वेळी एकाच चॅनलचा. उरलेले सात मुके. त्या सातांवर कान ठेवायला एक यंत्र होतं. चित्र काळं पडलं, चित्र गोठलं, आवाज गेला, यातलं काही झालं की ते ओरडायचं. आता काळं म्हणजे किती काळं? गोठलं म्हणजे किती वेळ गोठलं? आवाज किती खाली उतरला म्हणजे गेला म्हणायचं, आणि तो किती सेकंद गेलेला राहिला म्हणजे बोंब मारायची? हे यंत्राला उपजत कळत नाही, कोणीतरी आकडा भरून द्यावा लागतो. त्या आकड्याला खोलीत सगळे लिमिट म्हणत, आणि लिमिट लावणं हे मीटरबाईंचं काम होतं.

ऐकायला सोपं वाटतं. बाईंची आई शिवणकाम करायची, तिच्याकडे पाहून बाईंना ते लहानपणीच कळलं होतं की सोपं नाही. मशीनचा दोरा जास्त ताणला तर तटकन तुटतो, सैल सोडला तर कापडाखाली गुंता होतो, आणि मधली जागा प्रत्येक कापडाला वेगळी. आई कानाने ताण ओळखायची. "ऐक, रडतोय दोरा," म्हणायची आणि चकती अर्धा आटा सैल करायची. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत बाईंना कोणी याहून नीट शिकवलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी ते यंत्र आलं तेव्हा कंपनीचा माणूस एका दिवसात सगळे आकडे एकसारखे भरून, चहा पिऊन निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून यंत्र दिवसाला नऊशे वेळा ओरडायला लागलं. वृत्तनिवेदकाने श्वास घेतला की ओरडायचं. कोणीतरी बझरमध्ये कापसाचा बोळा कोंबला आणि खोलीने सुटकेचा निःश्वास टाकला. मग एके दुपारी पाच नंबरच्या चॅनलचा आवाज चौदा मिनिटं गेला आणि खोलीतल्या कोणालाही पत्ता नव्हता. वरून विचारणा झाली. साहेब तेव्हा नुकतेच साहेब झाले होते. त्यांची खुर्ची जाता जाता राहिली.

बाईंनी तो बोळा चिमट्याने उपसून काढला, एक जाड वही घेतली आणि आठ महिने त्या यंत्रासमोर ठाण मांडून बसल्या. वहीत रकाने आखले: चॅनल, कार्यक्रम, जुना आकडा, नवा आकडा, कारण, आणि दोन सह्या. कारणाचा रकाना सगळ्यांत रुंद. त्यातल्या काही नोंदी खोलीत पाठ होत्या. "बुद्धिबळ. चित्र गोठलेलं नाही, खेळाडू गोठला आहे. दीडशे सेकंद." "आकाशदर्शन. काळं आहे कारण आकाश आहे." "कर्णबधिरांच्या बातम्या. शांतता असणारच. आवाजाचा अलार्म बंद, हातांवर लक्ष ठेवणे." "सकाळचे वृत्तनिवेदक पापणी लववत नाहीत. वीस सेकंद. त्यांना सांगून पाहिलं, उपयोग नाही." आठ महिन्यांनी नऊशेचे पंधरा झाले, आणि त्या पंधरांतले निम्मे खरे असत. साध्या कार्यक्रमाला आवाजाचं लिमिट बारा सेकंद. बारा हा आकडा बाईंनी असा शोधून काढला होता की त्याच्या अलीकडे माणूस नुसता थांबलेला असतो आणि पलीकडे काहीतरी बिघडलेलं असतं.

काम इतकं चोख झालं की बाई त्यात कायमच्या अडकल्या. नवीन कार्यक्रम आला की नवीन आकडा हवा. नवीन निवेदक आला की तो किती दम खातो ते पाहायला हवं. जरा काही वेगळं वाजलं की खोलीतून फोन, "ताई, वाजतंय." सुट्टीत फोन, तापात फोन. त्या जितकं नीट लावत तितकं दुसऱ्या कोणाला त्यात हात घालायची भीती वाटे. स्वतःच्या हाताने घराला आतून इतकी छान कडी बसवली की उघडायची कशी ते फक्त त्यांनाच ठाऊक, आणि त्यांना बाहेर जायचं होतं.

बाहेर म्हणजे मिस्टरांकडे. बाईंचे मिस्टर साडेसहा तासांच्या बसच्या अंतरावर, समुद्राकाठच्या लहानशा गावात राहत. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई अंथरुणाला खिळली. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे म्हणून ते गेले आणि आई टिकली. ते तिथल्याच शाळेत ग्रंथपाल झाले. म्हातारी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची, मुलाला ओळखत नसे, पण रोज संध्याकाळी दाराकडे बघून विचारी, "आली का ती?" ती म्हणजे सून. हे मिस्टर फोनवर सांगत आणि गप्प बसत. पूर्वी ते चार सेकंद गप्प बसले की बाई विचारत, "काय झालं?" आता त्या अकरा सेकंद जाऊ देत. हेही लिमिट बाईंनीच वाढवलं होतं, फक्त ते कुठल्या वहीत नव्हतं आणि त्यावर दुसऱ्या कोणाची सही नव्हती.

बदलीचे अर्ज सात झाले होते. साहेब नाही असं कधी म्हणत नसत. ते गोड बोलत, आणि त्यांच्या गोड बोलण्याने आजवर कोणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. "ताई, तुम्ही या खोलीचा कणा. कणा काढून परगावी पाठवायचा म्हणता?" असं म्हणून ते अर्ज ड्रॉवरमध्ये सरकवत. पण यंदा मिस्टरांच्या गावातल्या टेकडीवरच्या सहक्षेपण केंद्राचा इंजिनिअर निवृत्त झाला. एक मनोरा, खाली दोन खोल्या, एकच माणूस. जागा दोन महिन्यांत भरायची होती, आणि एकदा भरली की पुढची आठ-दहा वर्षं तिकडे बघायला नको. बाईंनी आठवा अर्ज केला आणि तो घेऊन साहेबांच्या समोर उभ्याच राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

साहेब उठून खोलीत आले. खोलीत तेव्हा दोघं होती: काडीसारखा बारीक असल्यामुळे ज्याला सगळे पहिलवान म्हणत तो, आणि पाच वर्षांपूर्वी सगळ्यांत शेवटी आली म्हणून अजूनही धाकटीच असलेली धाकटी.

"ऐका," साहेब म्हणाले. "तीस दिवस. सलग तीस दिवस या खोलीतून ताईंच्या घरी एकही फोन गेला नाही, तर मी डोळे मिटून सही करतो. एक जरी गेला, की परत शून्यापासून. मंजूर?"

मंजूर करावंच लागलं. त्याच दिवशी पहिलवानाने फळ्याचा एक कोपरा पुसून तिथे मोठं शून्य काढलं.

दोघांनी जीव तोडून प्रयत्न केला, हे सांगायलाच हवं. धाकटीने वही उभी-आडवी पाठ केली. आवाज गेला तर दुसरी लाईन कशी घ्यायची, हे तर ती झोपेतही करू शकली असती. पण तिसऱ्या दिवशी नव्या नाटकात नटाने भलताच मोठा विराम घेतला आणि फोन झाला. मग सहाव्या दिवशी. मग नवव्या दिवशी पहिलवानाने फोन केलाच नाही. तो स्कूटरवर बसून थेट बाईंच्या दारात आला. "ताई, फोन नाही हा. मी आपला सहज आलोय. सहज विचारतो, हवामानाचा नकाशा किती वेळ हलला नाही तर चालेल?" साहेबांना हे कळलंच, आणि त्यांनी स्कूटरही फोनमध्ये धरली. फळ्यावर पुन्हा शून्य. जागा भरायला तेहतीस दिवस उरले होते.

त्या दिवशी पाळी संपल्यावर बाई जागेवरून उठल्या नाहीत. संध्याकाळचे पाच वाजले होते. समोर आठ चॅनल चालू होते. त्यांनी वही उघडली, आणि ज्या ज्या साध्या कार्यक्रमाला आवाजाचं लिमिट बारा होतं तिथे तिथे चाळीस केलं. गोठलेल्या चित्राचं पंधराचं साठ केलं. चाळीस सेकंद कोण गप्प बसतं? कोणी नाही. म्हणजे यंत्र ओरडणार नाही, म्हणजे कोणी घाबरणार नाही, म्हणजे फोन येणार नाही. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "संथ सादरीकरण." अकरा वर्षांत त्या रकान्यात खोटं गेलं ते हे पहिलं. लिहिताना पेनाची शाई नीट उतरली. वही धाकटीपुढे सरकवली. धाकटीने ताईंची सही पाहिली आणि शेजारी आपली ठोकली, वाचलं नाही. ताईंनी लिहिलेलं वाचून पाहावं असं त्या खोलीत कोणाला वाटत नसे, आणि तसं वाटू नये ही सवय ताईंनीच लावली होती.

यावर कोणी बाईंची बाजू घेऊ म्हणेल तर त्याने खुशाल घ्यावी. त्यांनी स्वतः घेतली नाही. मिस्टरांच्या गावी बस कुठे थांबते, घर किती उजेडाचं आहे हे त्या डोळ्यांपुढे आणत, आणि त्यामागून चाळीस हा आकडा येई. मग त्या उठून भांडी घासत.

दिवस मात्र जायला लागले. पाच, दहा, चौदा. खोलीत यंत्र दिवसाला दोनदा ओरडे, तेही किरकोळ. पहिलवान म्हणाला, "ताई, आम्ही तयार झालो की काय?" आणि खरंच त्याची छाती दोन बोटं पुढे आलेली दिसे. बाई म्हणाल्या, "झालात." मिस्टर रोज संध्याकाळी विचारत, "किती?" बाई म्हणत, "सोळा." मग "सतरा." नऊ वर्षांत त्यांनी इतकं नेमाने काही विचारलं नव्हतं. त्यांनी खिडकीशी दुसरी खुर्ची आणून ठेवली. कपाटाचे दोन खण रिकामे केले आणि त्या खणांची मापं फोनवर सांगितली, जणू बाई मापात बसणार की नाही हाच प्रश्न होता. आणि त्यांनी दोन नंबरचा चॅनल बघायला सुरुवात केली. "तू राखतेस तर बघावं म्हटलं," ते म्हणाले. बाईंना तो चॅनल घरी चालू ठेवायची सवय होतीच, जेवताना, निवडताना, केस विंचरताना. आता साडेसहा तासांच्या अंतरावर दोन घरांत तेच चालू असे.

सत्ताविसावा दिवस. संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. बाई ओट्याशी काकडी चिरत होत्या. दोन नंबरवर एका निवृत्त पोस्टमनची मुलाखत चालली होती. गडी मोठा रंगात आला होता. एका बंद घराला तो सहा वर्षं पत्रं टाकत होता आणि एके दिवशी त्याला राहवेना. "मग मी दार वाजवलं," तो म्हणाला, "आणि दार उघडलं तर समोर..."

आवाज गेला.

पोस्टमन बोलत होता. हात हलवत होता, समोरची मुलाखतकार हसत होती. बाईंची सुरी थांबली आणि मोजणी सुरू झाली. ती त्यांना सुरू करावी लागत नसे. चार. पाच. आपल्या टीव्हीचा दोष असेल म्हणून त्यांनी चॅनल बदलला, तिथे आवाज होता. परत दोनवर आल्या. नऊ. दहा. बारा झाले तेव्हा त्यांचा कान आपोआप यंत्राच्या ओरडण्यासाठी टवकारला, जणू ते यंत्र स्वयंपाकघरातच ठेवलं होतं. यंत्र ओरडलं नाही. ओरडणार नव्हतं, त्यांनीच त्याचं तोंड धरून ठेवलं होतं.

खोलीत या घडीला धाकटी एकटी असणार. स्पीकर दुसऱ्या कुठल्या तरी चॅनलवर असणार. भिंतीवर पोस्टमनचे ओठ हलताना तिला दिसत असतील, आणि ओठ हलतायत म्हणजे सगळं ठीक. चौदा. पंधरा. फोन समोर टेबलावर होता. बाईंना हिशोब लख्ख दिसत होता. चाळीस झाले की यंत्र ओरडेल, धाकटी दुसरी लाईन घेईल, फोन कोणालाच करावा लागणार नाही. उद्या फळ्यावर सत्तावीस. काही करायचं नव्हतं, फक्त उभं राहायचं होतं. लोक काय, रिमोट शोधतील, बॅटरी ठोकून बघतील. कोणाचं घर बुडत नव्हतं. अठरा. एकोणीस. बोलणाऱ्या माणसाचं बोलणं कोणालाच ऐकू येत नाही आणि त्याला ते ठाऊकही नाही, हे बाईंना बघवेना. वीस.

एकविसाव्या सेकंदाला त्यांनी फोन उचलला.

"ताई?" धाकटी घाबरून म्हणाली. "आम्ही फोन नाही केला हं."

"दोन नंबर. आवाज नाही. दुसरी लाईन घे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चौतिसाव्या सेकंदाला पोस्टमन पुन्हा बोलू लागला, "...आणि तेव्हापासून मी त्या घरचाच झालो." मुलाखतकार डोळे टिपत होती. कोणी दार उघडलं होतं, ते राहूनच गेलं.

"ताई," धाकटी फोनवर हळू म्हणाली, "पण वाजलं का नाही?"

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या. काकडी त्यांनी तशीच झाकून ठेवली आणि त्या न जेवता बसून राहिल्या. मिस्टरांचा रोजचा "किती?" त्या संध्याकाळी आला नाही.

सकाळी पहिलवान खडू घेऊन फळ्यापाशी उभा होता. फळ्यावर सव्वीस होतं. "फोन तर ताईंनी केला," तो धाकटीला समजावत होता. "नियम काय होता? इथून जायचा नाही. इथून कुठे गेला?" बाईंना बघून त्याने आशेने खडू पुढे केला. बाई तशाच साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

साहेब उठून उभे राहिले. "या! सगळं कळलं मला. घरी बसून चौतीस सेकंदांत पकडलंत. वर कळवलंय मी, तुमच्या नावाने कौतुकाचं पत्र येणार आहे. आता तुम्हीच सांगा ताई, असं माणूस सोडून मी..."

"साहेब, यंत्र वाजलं नाही कारण मी बाराचे चाळीस केले होते."

साहेब परत खुर्चीत बसले.

"सत्तावीस दिवस सगळीकडे चाळीस आहेत. मुद्दाम केले. फोन येऊ नये म्हणून. वहीत खोटं कारण लिहिलं. तुम्ही कारवाई करा." आणि हे बोलताना त्यांच्या मनात एक लाजिरवाणी आशा होती, ती इथे लपवण्यात अर्थ नाही. शिक्षा म्हणून तरी या खोलीतून उचलून कुठेतरी फेकतील. लांबच्या केंद्रावर फेकायची रीत होती, दोघातिघांना तशी शिक्षा झालेली त्यांनी पाहिली होती.

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. बराच वेळ ते टेबलावरची काच रुमालाने पुसत राहिले. "हे तुम्ही मला सांगितलं नाही," ते शेवटी म्हणाले. "आणि मी ऐकलं नाही. कारवाई केली तर वर विचारतील, सत्तावीस दिवस साहेब काय करत होते? आणि तुम्हाला हलवलं तर ते आकडे परत जागेवर कोण आणणार? मी आणू? पहिलवान आणेल?" मग त्यांचा आवाज पुन्हा गोड झाला. "टेकडीवर काय, कोणीही चालतो. एक नाव मी आज सकाळीच पुढे पाठवलंय. इथे तुमच्याशिवाय नाही चालत, हे काल तुम्हीच दाखवून दिलंत. जा, आज लावून टाका सगळं पूर्ववत. पत्र मात्र येऊ द्या, नाही म्हणू नका."

चूक करून सुटका नाही आणि चांगलं करूनही नाही, हे बाईंना त्या केबिनच्या दाराशी कळलं. दोन्ही वाटा त्याच यंत्रासमोरच्या खुर्चीशी येऊन संपत होत्या. त्यांना रडू आलं नाही, फक्त राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. पहिलवानाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि न विचारता फळा पुसला. या वेळी त्याने शून्यही काढलं नाही.

दुपारी डबा उघडायच्या वेळी मिस्टरांचा फोन आला. बाई बाहेर जिन्यात जाऊन बसल्या.

"काल सात चाळीसला आवाज गेला होता," मिस्टर म्हणाले.

"हो."

"मी बघत होतो. तू सांगितल्यासारखं मोजत होतो. चौतीसला आला."

"हो."

"तू फोन केलास ना?"

त्यांना चाळीसचं काही माहीत नव्हतं. तरी बाईंना वाटलं की सगळं माहीत आहे. "केला," त्या म्हणाल्या. "अजून एकोणीस सेकंद थांबले असते तर करावा लागला नसता. आपोआप वाजलं असतं. अहो, मी..." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, बारा, चाळीस, वही, साहेब, टेकडीवर पाठवलेलं दुसरं नाव.

पलीकडे शांतता. बाई मोजत होत्या. त्यांना ते थांबवता येत नव्हतं. अकरा झाले. बारा झाले. सतराव्या सेकंदाला मिस्टर बोलले.

"तुमच्या खोलीचा नंबर माझ्याकडेही आहे. काल फोन माझ्याही हातात होता. मी नाही केला. म्हटलं, जाऊ दे आवाज. गेला तर जाऊ दे. एकदा तरी तू थांबशील."

कठड्याचा रंग एका जागी निघाला होता, तिथे बाई नखाने आणखी काढत राहिल्या. मागून म्हाताऱ्या सासूबाईंचा आवाज ऐकू आला, बारीक पण स्पष्ट. त्यांना दुपार आणि संध्याकाळ यांतला फरक आता कळत नसे. आली का ती, असं त्या विचारत होत्या.

"ठेवतो," मिस्टर म्हणाले. "आईला पाणी हवंय."

बाई डबा न उघडता आत आल्या. वही काढली, यंत्र उघडलं आणि एकेक आकडा मागे आणायला बसल्या. चाळीसचे बारा, साठचे पंधरा. चार वाजेपर्यंत सगळं जागेवर आलं. मग त्यांनी वहीतलं ते पान उलटलं, जिथे चार आठवड्यांपूर्वी "संथ सादरीकरण" लिहिलं होतं. पट्टी ठेवून त्या दोन शब्दांवर एक सरळ रेघ मारली, आणि रुंद रकान्यात उरलेल्या जागेत स्वच्छ अक्षरात लिहिलं: "घरी जायचं होतं."

खाली तारीख टाकून सही केली आणि वही धाकटीपुढे ठेवली. धाकटीने सवयीने पेन उचललं.

"आधी वाच," बाई म्हणाल्या.

धाकटीने वाचलं. तिने मान वर केली नाही. "ताई, असं कारण चालतं का?"

"खरं आहे. खरं असलं की चालतं."

धाकटीने पुन्हा एकदा वाचलं आणि सही केली, नेहमीपेक्षा हळू, पूर्ण नाव लिहून.

आता एकच काम उरलं होतं. आकडा बदलला की तो तपासून पाहायचा, असा नियम होता. चाळीस केले त्या दिवशी बाईंनी तो पाळला नव्हता. चाचणीच्या लाईनवर मुद्दाम आवाज तोडायचा आणि यंत्र वेळेवर ओरडतं का पाहायचं. बाईंनी लाईन तोडली. पहिलवान, धाकटी आणि त्या, तिघं यंत्राकडे बघत उभी राहिली. सहा. सात. खोलीत कोणी हललं नाही. अकराव्या सेकंदापर्यंत बाईंना मनापासून वाटत होतं की ते वाजू नये.

बारा झाले, आणि वाजलं.